डोळे तेवढे राहिले

सुखदेव, तुझा चेहरा झाला. कपाळ झालं, कान झाले, एका बाजूला जरासं कललेलं नाक झालं, मिशी झाली, शर्टाची कॉलरसुद्धा झाली. डोळे तेवढे राहिले. त्या जागी कॅनव्हास कोराच ठेवलाय आणि वरून फडकं टाकलंय, कारण परवा एक ट्रकवाला नंबरप्लेट रंगवायला आला आणि तुला तसं बघून बिचकला. "हे कोन आहे?" म्हणाला. मी म्हटलं, या दुकानाचा अर्धा मालक. मग तो काम होईपर्यंत बाहेर उन्हातच उभा राहिला.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे. भंतेजी वंदना म्हणायला येणार, कोंढ्याहून तुझी माणसं येणार, आणि तसबीर वहिनींनी मला सांगितली आहे. तू गेला त्या दिवशी नाही सांगितलं. घरातली गर्दी ओसरल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच काढा. मी दुसऱ्याकडं जात नाही." मी म्हटलं, वहिनी, मी अक्षरं काढणारा माणूस. बोर्ड रंगवतो, ट्रकच्या मागं लिहितो. माणसाचा चेहरा हे माझं काम नाही, ते त्याचं काम होतं. तर म्हणतात कशा, "त्यायचं काम होतं म्हणूनच तं अडलं ना." शहापूर ते तुमसर, गेलेल्या माणसाची तसबीर काढायची म्हटलं की लोक तुझ्याकडे यायचे, आणि आता गेला तर तूच.

मला रडू आलेलं नाही अजून. लोक बघतात माझ्याकडे, याला काही वाटतं की नाही म्हणून. खरं सांगू का, काहीच वाटत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग जीभ लावून बघितलं तर हिरडी जागेवर असते पण आपली नसते, तसं झालंय. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तुला आणलं तेव्हा काविळीनं तुझे तळपाय पिवळे झाले होते. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, पिवळ्यात थोडा गेरू आणि चिमूटभर हिरवा टाकला तर हा रंग बरोबर येईल. असा विचार करणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तूच सांग. तू हसला असता, आणि हिरवा नको, काळा टाक, असं म्हणाला असता.

आता फोटोची गंमत ऐक. गावोगावच्या मेलेल्या लोकांचे फोटो तू जपून ठेवले, लग्नाच्या फोटोतून कापून काढलेले, मतदार ओळखपत्रासारखे बारकेबारके, पुसट झालेले. तुझा स्वतःचा मात्र एकच सापडला. माझ्या लग्नातला. मांडवाच्या खांबाजवळ तू उभा, नवा शर्ट घातलेला, आणि नेमकी फोटोवाल्यानं फ्लॅशची बत्ती पाडली त्या क्षणी तू डोळे मिटले. नाक त्यातून घेतलं, कपाळ घेतलं, ओठ घेतले. डोळे कुठून घेऊ? तू लोकांना विचारायचा, "पोट्टा आहे का? बापावर गेला का?" मग त्या पोराला समोर स्टुलावर बसवायचा आणि बापाचे डोळे त्याच्यात शोधायचा. तुझी पोरगी तर वहिनींवर गेली आहे, नखशिखांत. तिला बसवून काही उपयोग नाही.

आणि माझी आठवण म्हणशील, तर तीही नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. एवढी वर्षं एका दुकानात बसलो. तू उजवीकडे, मी डावीकडे, दोघांचीही तोंडं रस्त्याकडे, नागपूरकडे जाणाऱ्या ट्रककडे. तू तुझ्या तसबिरीत, मी माझ्या बोर्डात. बोलणं चाललेलं असायचं, पण कामावरून मान कोण काढतो? तुझा डावा कान मी डोळे मिटून काढू शकतो. कानावरचा तो एक राठ केससुद्धा. मानेवरची घामोळी, बोटात ब्रश धरायची तऱ्हा, सगळं येतं. डोळ्यांचं काही आठवत नाही. काळे होते. बस, एवढंच.

अजून मी डावीकडेच बसतो. काल हातातला ब्रश भरला तर न बघता उजवीकडे हात केला, चिंधी मागायला. चिंधी तुझ्याच मांडीवर असायची ना नेहमी. हात तसाच थोडा वेळ राहिला. तू नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनही हात गेला.

आमच्या बाबांचं आठवतं का तुला? कोंढ्याच्या घरी? आपण तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं आणि धान कापणी संपल्यावर तू आठ दिवस गावी होता. आमच्या ओसरीच्या भिंतीला नवा चुना दिला होता. तू म्हणाला, इथं एक देवळी काढतो. म्हणजे भिंतीतला कोनाडा, पण रंगवलेला. वरती कमान, आत सावली, खालच्या काठावर उजेडाची एक बारीक रेघ. मी हसलो, पण झाल्यावर हसू गेलं. खरी वाटत होती. बाबा शेतातून आले, पाय धुतले, खिशातून तंबाखूची डबी काढली आणि सरळ त्या देवळीत ठेवायला गेले. डबी खाली. तंबाखू सगळी ओसरीभर. माय हसून हसून बेजार झाली, बाबा मात्र तुझ्याकडे बघून म्हणाले, "काय बे, म्हाताऱ्याची मजा घेतं का?"

त्यानंतरची गोष्ट जास्त खरी आहे. दुसऱ्या दिवशी बाबांना माहीत होतं की ती देवळी नाही. तरी हात गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. मग त्यांनी चिडून तिथं खिळा ठोकला आणि त्याला पिशवी अडकवली. तू त्यावरून मला कित्येक वर्षं ऐकवत राहिला. "पाह्य, तुया बापाले माहीत होतं ना? मंग काहून गेला हात? डोळ्याले सांगून काही फरक पडत नाही, लेका. तो आपलंच खरं करते."

ती देवळी तू ओसरीवर काढली, आतल्या खोलीत नाही. आत तुला कोणी बोलावलं नाही आणि तूही तिथं गेला नाही. छप्पन साली तुमची माणसं बुद्धाकडे गेली, त्याला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. आमच्या घरचा उंबरठा मात्र तिथंच होता. चहाही तुला ओसरीवरच आला, वेगळ्या कपात. आपण त्यावर कधी बोललो नाही. तू बोलला नाही, मी विषय काढला नाही. बाबा गेल्यावर त्यांची तसबीर तूच केली, आणि ती आमच्या आतल्या खोलीत, देवाच्या शेजारी लागली. लावायला तूच आत आला, खुर्चीवर चढून खिळा तूच ठोकला. तेव्हाही आपण काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं मला आता वाटतं, पण तेव्हा बोललो असतो तर ती मैत्री राहिली नसती, असंही वाटतं.

बाबांचे डोळे तू सरळ काढले होते. तुझी पद्धतच ती. आखलेल्या चौकटींतून चेहरा मोठा करायचा, कान-नाक-ओठ संपवायचे, आणि सगळ्यात शेवटी डोळे; बुबुळ बरोबर मधोमध, आणि त्यात पांढऱ्याचा एक ठिपका. तो ठिपका पडला की तू उठून उभा राहायचा. घरची माणसं तसबीर न्यायला आली की त्यांना दुकानात डावीकडून उजवीकडे चालवायचा. "चाला. हळू चाला. पाहून राहिला का तुमच्याकडं?" बायका तोंडाला पदर लावायच्या. म्हातारी माणसं हात जोडायची. चित्रातला माणूस प्रत्येकाकडे पाहायचा, एकाच वेळी सगळ्यांकडे. दाराशी उभ्या असलेल्याकडेही आणि खिडकीशी असलेल्याकडेही.

आणि यावरूनच आपलं भांडण. ते काही मिटलं नाही.

मी म्हणायचो, ही फसवणूक आहे. "रंग आहे तो. रंग पाह्यते का कुठी?" तू म्हणायचा, "तुयी अक्षरं तरी कुठी उभी आहेत बे भितीवर? एका अंगाले सावली देतं, तं लोकायले वाटते अक्षर बाहेर आलं. पोट्टे हात लावून पाह्यतात. मंग तूबी खोटारडाच." ते बरोबर होतं, पण मी कबूल थोडाच करणार? मी म्हणायचो, माझ्या अक्षरानं कोणाची झोप उडत नाही. बपेऱ्याच्या त्या बाईचं प्रकरण झालं तेव्हापासून मला हे वाक्य मिळालं आणि मी ते सोडलं नाही.

ते प्रकरण मी विसरू शकत नाही. तरणा माणूस, नदीत गेला. आईनं तसबीर सांगितली, तू तुझ्या पद्धतीनं केली, सरळ डोळ्यांची. भात रोवणीच्या आधी नेली होती. रोवणी आटोपल्यावर त्याची बायको एकटी बसनं आली, तसबीर जुन्या लुगड्यात गुंडाळून. कितीशी होती ती, विशीतली असेल. दुकानात आली आणि उभीच राहिली. "भाऊ, याची नजर काढून द्या," म्हणाली. तुला कळलंच नाही. "काढून म्हणजे?" "मी चुलीपाशी बसली तरी पाह्यते. बाजीवर बसली तरी पाह्यते. कपडे बदलवाले कोपरा राहिला नाही मले. घास गिळवत नाही, भाऊ."

तू म्हणाला, बाई, डोळे हेच तर काम आहे माझं. मी म्हटलं, काढ ना बे, फिरव तिकडे. तू माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही. तसबीर मांडीवर घेतली. ती बाहेर चहाच्या हॉटेलच्या बाकड्यावर जाऊन बसली. मग तू दोन्ही बुबुळं केसभर बाजूला सरकवली. फक्त केसभर. ठिपकाही सरकवला. ती आत आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं, आणि मोठा श्वास सोडला. लुगड्यात गुंडाळून घेऊन गेली. मी तुला म्हटलं, पाहिलं? एवढंसं तर होतं.

आणि मग दिवाळीच्या सुमारास त्याची आई आली. ती बसली ती सरळ जमिनीवरच. "माया पोरगा मायाकडं पाह्यतच नाही गा आता. दाराशी बसली, भितीशी बसली, सारी खोली फिरली. तो जिकडं पाह्यते तिकडं जाऊन उभी राह्यली, तं तो आनखी पुढंच पाह्यते. काय केलं म्या त्याचं?"

तेव्हा तू मला समजावून सांगितलं, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं. कागदावरच्या माणसाला डोळ्यांच्या दोनच गोष्टी येतात. सरळ काढले तर तो सगळ्यांकडे पाहतो. जरा बाजूला काढले तर तो कोणाकडेच पाहत नाही, तुम्ही कुठेही जा. एकीकडे पाहावं आणि दुसरीला सोडावं, हे त्याला जमत नाही. ते फक्त जिवंत माणसाला जमतं. तू हे सांगितलं आणि चहा थंड होऊ दिला, आणि मी म्हटलं, मग दोन तसबिरी कर, एक आईला, एक बायकोला. तू म्हणाला, "माणूस एक अन् तसबिरी दोन? घर एकच आहे ना त्यायचं."

तुझ्या डोक्यात काय आलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. जत्रेत मिळतात ना त्या पट्ट्यांच्या तसबिरी, डावीकडून बघा तर एक देव, उजवीकडून बघा तर दुसरा. तसली एक तू भिंतीवरून काढली आणि मागून फाडून बघितली. पंख्यासारख्या घड्या घातलेला पुठ्ठा, एका बाजूच्या घड्यांवर एका चित्राच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूच्या घड्यांवर दुसऱ्या. मग तू त्या पोराचे दोन चेहरे काढले, अगदी सारखे, एक सरळ पाहणारा आणि एक बाजूला पाहणारा. आणि कात्रीनं त्यांच्या उभ्या पट्ट्या कापल्या. तुझाच हात, तुझीच चित्रं, मला बघवेना. तू शांतपणे कापत होता.

लावायला आपण दोघं बपेऱ्याला गेलो. म्हातारी ज्या बाजूला बसायची तिकडून तो सरळ पाहायचा. सुनेची बाज ज्या बाजूला, तिकडून नजर बाजूला. दोघींचंही भागलं. समोरून मात्र तो कोणीच नव्हता. दोन चेहरे एकमेकांत मिसळून नुसत्या रेघा दिसायच्या. शेजारची माणसं बघायला आली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा कोन आहे?" म्हातारीनं त्यांना हाताला धरून आपल्या बाजूला ओढलं.

आपण निघणार, पाय चपलेत घातले, तेव्हा मी मागे वळून बघितलं. म्हातारी पाणी आणायला आत गेली होती आणि सून तिच्या जागेवर जाऊन उभी होती, वर बघत. मी तुला कोपर मारलं. बसमध्ये मी म्हटलं, हे काय बे, हिलाच नको होतं ना? तू खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नोको नव्हतं. आपल्या मनानं पाह्यजे होतं, बस."

त्या तसबिरीनं मी हरलो असतो, पण मी हट्टानं हरलो नाही. मी म्हणत राहिलो, हे सगळं डोळ्यांचं थोतांड आहे, तो पोरगा नदीत गेला आणि भिंतीवर पुठ्ठा आहे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीही आपलं हेच चालू होतं. तुझे डोळे तेव्हाच पिवळे झाले असणार, मी बघितले नाहीत. तू म्हणाला, तू आधी मरशील, तुझी तसबीर मीच काढणार आणि अशी सरळ काढणार की तुझ्या सुना घाबरतील. मी म्हटलं, "मायी काढशील तं डोळे बाजूले ठेव. मले मेल्यावर कोनाकडंच पाह्यचं नाही." तू हसला. तुझे कसे ठेवायचे, ते ना मी विचारलं, ना तू सांगितलं. तुझी तसबीर आपल्यापैकी कोणी काढेल, हे आपल्या डोक्यातच नव्हतं.

पट्ट्यांची करता आली असती. पण तिला दोन धड चेहरे लागतात आणि मला तुझा एकच जमत नाही.

इथवर परवा लिहून ठेवलं होतं. काल डोळे काढून बघितले.

तुझ्याच पद्धतीनं काढले, सरळ. बुबुळं मधोमध. आकार अंदाजानं. ठिपका टाकला आणि मी उठून उभा राहिलो, अगदी तुझ्यासारखा. आणि तू माझ्याकडे बघितलं. मी डावीकडे सरकलो, माझ्या जागेवर बसलो, तर तिथंही. दाराशी गेलो, तिथंही. कोणी केलं हे मला माहीत होतं. ब्रश माझ्याच हातात होता, ठिपक्याचा पांढरा अजून बोटाला होता. कोणी पाहत नाही, रंग आहे, हे मी आयुष्यभर तुला सांगत आलो. आणि मला भीती वाटली, सुखदेव. मेलेल्या माणसाची नाही. तू माझ्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं आपण रस्त्याकडे बघत बसलो, आणि आता हा कोण माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता? तो तू नव्हता. नाक तुझं, कान तुझा, केससुद्धा तुझा, आणि माणूस परका. मी टर्पेंटाइनची चिंधी घेतली आणि डोळे पुसून टाकले. मग स्टुलावर बसून राहिलो. वाईट वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते लगेच गेलंही.

दुपारी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, रविवारच्या जेवणाचे. मी विचारलं, वहिनी, डोळे कसे काढू? सगळ्यांकडे पाहणारे काढतो तर तो तुमच्याकडे दिवसभर बघत बसेल. बाजूला काढतो तर कोणाकडेच पाहणार नाही. तो काय म्हणायचा ते तुम्हाला माहीतच आहे. तुमचं काय?

त्या निवडतच राहिल्या.

"होते तसे काढा," म्हणाल्या.

"म्हणजे कसे?"

"तुमाले नाही माहीत?" सुपातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "जिते होते तवा मायाकडं पाह्यलं नाही त्यायनं. दुकानातून आले का मान खाली. कागद, पेन्सिल. मी बोलून राहिली अन् हे हूं हूं करून राहिले. जेवाले बसले तरी ताटात बोटानं कोनाचं तरी नाक काढून राहिले. आता भितीवरून सारा दिवस मायाकडं पाह्यतील, तं मले घरात परका माणूस आला असं वाटन."

रागानं नाही बोलल्या. मीठ संपलंय, असं सांगावं तशा बोलल्या. मी तिथं बसून राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की वहिनींनाही तुझे डोळे माहीत नाहीत. मी एकटाच नाही. वर्षानुवर्षं एका ताटाशी, एका छपराखाली राहिलेल्या बाईलाही नाहीत. तुझे डोळे बघितले असतील तर त्या मेलेल्या माणसांच्या फोटोंनी. मला तुझा राग आला, आणि त्याच वेळी मला हेही माहीत होतं की ज्या ज्या घरी तू काढलेली तसबीर लागली आहे, तिथल्या प्रत्येक आईच्या, प्रत्येक पोराच्या वाट्याला तुझी ती नजर गेली आहे. आमच्याही घरी. बाबा रोज सकाळी मला बघतात. ते तू दिलं, आणि त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोललो नाही. उलट फसवणूक म्हणालो. आता म्हणतो, बरं केलं.

रात्री काढायला बसलो नाही, आज सकाळच्या उजेडात काढले. मान आधीच थोडी झुकलेली होती, फोटोत तशीच होती. पापण्या खाली आणल्या. मिटलेल्या नाही, कामाकडे बघणाऱ्या. हातात काय आहे ते चौकटीच्या खाली राहतं, दिसत नाही. ठिपका टाकला नाही, बुबुळाची खालची कडच तेवढी दिसते, तिथं ठिपक्याला जागा नाही. डोळ्यांचा आकार माहीत असायची गरजच पडली नाही. झाल्यावर मी माझ्या जागेवर, डावीकडे बसलो आणि बोर्डाला हात घातला. एका औषधाच्या दुकानाचा बोर्ड अर्धा राहिला होता. दुपारपर्यंत तो संपवला. मान वर काढली नाही, तूही काढली नाही. बरं चाललं काम.

वहिनी संध्याकाळच्या आत आल्या, पोरीला बाहेर उभं करून. मी फडकं काढलं. त्या समोर उभ्या राहिल्या. मग तू लोकांना चालवायचा तशा आपल्याआपणच डावीकडून उजवीकडे गेल्या, हळूहळू, आणि पुन्हा परत. मग तुझ्या स्टुलाजवळ थांबल्या. आणि मग, मला वाटलं चक्कर आली, पण तसं नव्हतं, त्या चित्राच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसल्या आणि मान वर करून बघू लागल्या. तुझी नजर जिथं पडायला पाहिजे, बरोबर तिथं. घरी तू लिहीत-काढत असायचा तेव्हाही अशा बसून बघत असतील कधी, तू मान वर काढतो का म्हणून.

"इथूनबी नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही वहिनी. खाली काढले का कुठूनच पाह्यत नाही. सांगत असाल तं अजून बदलवून देतो. रंग ओला आहे."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग हेच आहेत," म्हणाल्या.

उठल्या, जवळ गेल्या, आणि मी थांबवायच्या आत त्यांनी तुझ्या पापणीवर बोट ठेवलं.

"वहिनी, ओलं आहे, पुसलं जाईन."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि बोट काढलं नाही.